पूर्वीची माणसे काय करीत होती?



रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात बोलणे निघते, "देशाचे काही खरे नाही. पूर्वीची माणसे राहिली नाहीत." ती पूर्वीची माणसे नेमके काय करीत होती?

आपल्याच समाजातले जोसेफ 'काका' बाप्टिस्टा पाहा. १८६४ साली माझगावात जन्मलेले हे कॅथोलिक वकील लोकमान्य टिळकांचे सहकारी. १९१६ मध्ये ते होमरूल लीगचे अध्यक्ष झाले. १९२० मध्ये आयटक ही कामगारांची संघटना उभी करण्यात त्यांचा वाटा होता. देशाचे एवढे काम करूनही त्यांनी शहराच्या कामाला कमी लेखले नाही. १९२५ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष, म्हणजे आजच्या भाषेत महापौर, झाले.

मार्च २०२२ मध्ये त्याच महापालिकेची मुदत संपली. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ मुंबईत एकही नगरसेवक नव्हता. कारभार प्रशासकाच्या हाती होता. आपल्यापैकी किती जणांनी त्याची चौकशी केली? कचरा उचलला नाही, पाणी आले नाही, एवढीच आपली कुरकुर.

बाबिलोनात बंदिवासात असलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने त्या परक्या नगराच्याही भल्यासाठी झटायला सांगितले (यिर्मया २९). ठाकूरद्वार, गिरगाव तर आपलेच आहे.

विचारासाठी प्रश्न :
१. आपले वॉर्ड ऑफिस कोठे आहे, हे मला ठाऊक आहे का?
२. मागच्या निवडणुकीत मी मत दिले का?
३. या आठवड्यात माझ्या चाळीसाठी किंवा इमारतीसाठी मी कोणते एक काम करीन?