गेथशेमाने : तेलाच्या घाण्याची बाग

बायबलमध्ये एखाद्या गावाचे किंवा माणसाचे नाव येते, तेव्हा ते पुष्कळदा केवळ ओळखीपुरते नसते. बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर. आजच्या पाठात आपण असेच एक अर्थपूर्ण नाव पाहू या : गेथशेमाने.

जागा आणि नाव

यरुशलेमच्या पूर्वेला किद्रोन ओहोळ ओलांडला की जैतुनांचा डोंगर लागतो. गेथशेमाने त्याच्या पायथ्याशी आहे. मत्तय आणि मार्क हे नाव देतात. लूक फक्त डोंगराचा उल्लेख करतो, तर योहान ओहोळापलीकडच्या बागेचा. नावाचा अर्थ 'तेलाचा घाणा' असा सांगितला जातो. शेमेन म्हणजे तेल.

फळापासून तेलापर्यंत

जैतुनाचे फळ झाडावरून काढून तसेच खाल्ले तर कडू लागते. ते खारवून मुरवावे लागते. तेल काढायचे असेल, तर पूर्वी ते आधी दगडी जात्याखाली भरडत. तो लगदा विणलेल्या टोपल्यांत भरून टोपल्या एकावर एक रचत. वर लांब तुळई आडवी टाकून तिला जड दगड अडकवत. त्या भाराने तेल हळूहळू पाझरे.

हे तेल स्वयंपाकाला, दिव्याला आणि जखमेवर लावायला लागे. निवासमंडपातील दिव्यासाठी शुद्ध जैतून तेल आणावे, अशी आज्ञा निर्गमच्या २७ व्या अध्यायात आहे. याजक आणि राजे यांच्या मस्तकावरही तेल ओतून अभिषेक होई. हिब्रू 'मशीहा' आणि ग्रीक 'ख्रिस्त' या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच : अभिषिक्त.

त्या रात्री

आता प्रसंग पाहा. ज्याला अभिषिक्त म्हणतात, तोच घाण्याच्या नावाच्या बागेत गुडघे टेकतो. आपले मन अतिशय खिन्न झाले आहे, हे येशू शिष्यांपासून लपवत नाही. हा दुःखाचा प्याला टळावा, अशी प्रार्थना तो करतो आणि मग स्वतःला पित्याच्या इच्छेवर सोपवतो.

इथे एक चूक टाळायला हवी. 'दाबल्याशिवाय तेल निघत नाही' असे सांगून दुसऱ्याला मुकाट्याने सोसायला लावणे सोपे असते. घरात मार खाणाऱ्या स्त्रीला किंवा मजुरी बुडालेल्या कामगाराला हा उपदेश केला, तर तो या प्रसंगाचा विपर्यास होईल. भार दूर व्हावा अशी विनंती येशूने स्वतः केली. पकडून देणारा आणि पकडायला आलेले या कथेत कुठेही धन्य ठरत नाहीत. संकटातून सुटका मागणे म्हणजे श्रद्धा कमी असणे नव्हे, हेच ही बाग शिकवते.

जागे राहणे

येशूने पेत्र, याकोब आणि योहान यांना बरोबर नेले. ओझे उचला, असे तो म्हणाला नाही. फक्त जागे राहा, एवढेच मागितले. तीन वेळा येऊन पाहिले, तर ते झोपलेले होते. त्या रात्री त्याचे दुःख आणखी एकाकी झाले ते यामुळे.

झाड काय सांगते?

इ.स. ७० च्या वेढ्यात रोमन सैन्याने यरुशलेमभोवतालची झाडे तोडली, असे इतिहासकार योसेफस लिहितो. आज बागेत आठ जुनी जैतुने आहेत. २०१२ मध्ये जाहीर झालेल्या तपासणीत त्यांपैकी तीन झाडांची खोडे बाराव्या शतकातील ठरली. जैतून तोडले तरी मुळाशी जीव असेल तर बुंध्यातून पुन्हा कोंब फुटतात. म्हणून ते झाड आशेची खूण वाटते.

मननासाठी

१. माझ्यावरचा भार मी देवापुढे मोकळेपणाने मांडतो का, की धीर असल्याचे नुसते दाखवतो?

२. माझ्या ओळखीत आज कोण त्या बागेत आहे? उपदेश न करता मी त्याच्याजवळ तासभर जागा राहीन का?

या आठवड्यात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कृतीने देऊ या.