न उघडणारी पेटी

पोहण्याचा तलाव साफ करणारे यंत्र पाण्यातच राहते. ते किती टिकते आणि बिघडले तर दुरुस्त होते का, हे लेखकाला आपल्या मामूंकडून कसे कळले, ते या पाठात वाचा.

मामू दोन वर्षांनी दुबईहून सुट्टीवर आले. आम्ही सगळे श्रीवर्धनला नानीच्या घरी जमलो होतो. मामूंनी बॅग उघडली. नानीसाठी चादर, अम्मीसाठी अत्तर आणि आम्हां मुलांसाठी चॉकलेटे निघाली. बॅगेच्या तळाशी टॉवेलात गुंडाळलेली एक जड वस्तू होती. मला वाटले, आता काहीतरी खास निघणार. मी घाईघाईने टॉवेल सोडला. आत जाड प्लॅस्टिकची, विटेएवढी काळी पेटी होती. तिच्या एका बाजूने तुटकी वायर लोंबत होती.

"हे काय, मामू? भंगार आणलेत?" मी विचारले.

नानीने माझ्याकडे डोळे वटारले, पण मामू हसले. "भंगारच आहे, बेटा. पण ते भंगार का झाले, हे मला पाहायचे आहे. तिकडे निवांत वेळ मिळत नाही."

मामू दुबईत पोहण्याच्या तलावांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत काम करतात. तिथे पुष्कळ बंगल्यांना स्वतःचा तलाव असतो. वाळवंटाकडून वारा सुटला की बारीक वाळू पाण्यात पडते आणि तळाशी बसते. लांब दांड्याचा ब्रश घेऊन काठावरून ती काढता येते, पण त्यात फार वेळ जातो. म्हणून आता हे काम यंत्रमानव करतो. यंत्रमानव म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर दोन पायांचा लोखंडी माणूस उभा राहिला.

"तसे नाही," मामू म्हणाले. "तो कासवासारखा दिसतो. दोन्ही बाजूंना रणगाड्यासारखे रबरी पट्टे, आणि खाली फिरणारे ब्रश. आत मोटरीवर चालणारा एक पंखा असतो. तो खालून पाणी ओढतो आणि वरून जोराने बाहेर फेकतो. मधल्या जाळीत वाळू, पाने, केस अडकतात. बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या जोराने यंत्र खाली दाबले जाते. म्हणूनच ते भिंतीवरही चढू शकते."

"आणि वीज? पाण्यात शॉक नाही लागत?"

"घरातली २३० व्होल्टची वीज पाण्यात सोडणे जिवावर बेतेल. काठापासून दूर एक डबा ठेवतात. तो डबा विजेचा दाब ३० व्होल्टच्या खाली आणतो. मग तरंगणाऱ्या लांब वायरीतून ती यंत्राला मिळते. तरीही कोणी पाण्यात असताना यंत्र चालवायचे नाही, हा नियमच आहे."

पूर्वी असे यंत्र फार साधे होते. १९७४ साली दक्षिण आफ्रिकेत फर्डिनांड शोव्हिए नावाच्या अभियंत्याने 'क्रीपी क्रॉली' तयार केले. त्यात मोटर नव्हती की तारा नव्हत्या. ते एका नळीने तलावाच्या पंपाला जोडलेले असे. पंपाच्या ओढीने आतली झडप इकडून तिकडे आपटे आणि धक्क्याधक्क्याने यंत्र पुढे सरके. हलणारा भाग जवळजवळ तेवढाच! बिघडायला आत काही असेल, तर ते बिघडणार ना?

नव्या यंत्राचे तसे नाही. त्यात पट्टे, ब्रश, चाके, पंखा, दोन-तीन मोटरी, वायर आणि त्या सगळ्यांना हुकूम देणारे सर्किट असते. यांतले काही भाग झिजणारच. ब्रश झिजतो, पट्टा सैल होतो, पंख्याला केस गुंडाळले जातात. यंत्र एकाच बाजूला वळत राहिले की वायरीला पीळ बसतो. पण हे भाग बाहेरचे आहेत. ते बदलायला एक पेचकस आणि थोडा वेळ पुरतो. खरी भीती आतल्या पेटीची. मोटरी आणि सर्किट त्या पेटीत असतात. पंख्याचा दांडा जिथून पेटीबाहेर येतो, तिथे रबराचे एक छोटे कडे बसवलेले असते. त्याला सील म्हणतात. ते कडे पाण्याला आत येऊ देत नाही. एवढ्या मोठ्या यंत्राचा जीव त्या कड्यात!

हे सांगता सांगता मामू थोडे थांबले. मग त्यांनी गेल्या वर्षीची गोष्ट सांगितली.

एका बंगल्यातले यंत्र अचानक बंद पडले. त्या दिवशी ते मामूंच्या हाताखालच्या नव्या मुलाने पाण्याबाहेर काढले होते. कंपनीच्या साहेबांना वाटले, त्याने वायर धरून यंत्र वर ओढले असेल. यंत्र कधीही वायरीने उचलू नये, हे खरेच आहे. साहेब म्हणाले, "किंमत याच्या पगारातून कापा." यंत्राची किंमत त्या मुलाच्या चार महिन्यांच्या पगाराएवढी होती. घरी पैसे पाठवायचे कसे, या काळजीने तो रात्री जेवलासुद्धा नाही.

मामूंनी एक दिवसाची मुदत मागितली आणि यंत्र खोलून पाहिले. त्या यंत्राची पेटी स्क्रूंनी बंद केलेली होती. वायर शाबूत होती. आत मात्र गंजलेले पाणी साचले होते. सील हाताला लागताच तुटले, इतके ते कडक झाले होते.

"रबर एका दिवसात कडक होत नाही, बेटा. पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घालतात. ते जास्त झाले की रबर हळूहळू मरते. जास्त क्लोरीन घालायचे असेल तेव्हा यंत्र बाहेर काढावे, काम झाले की गोड्या पाण्याने धुऊन सावलीत ठेवावे, असे पुस्तिकेत लिहिलेले असते. आमचे यंत्र तर रात्रंदिवस पाण्यात पडलेले असे."

"मग ते कोण बाहेर काढत नव्हते?" मी विचारले.

मामूंनी पेटीकडे पाहिले. "मीच. दोन वर्षे तो तलाव माझ्याकडेच होता."

पडवीत कोणी काही बोलले नाही. नानीने पान लावायचे थांबवले.

दुसऱ्या दिवशी मामूंनी ते तुटलेले कडे साहेबांच्या टेबलावर ठेवले आणि जे होते ते सांगितले. साहेब रागावले. पण मामूंनी मोटर पुसून वाळवली होती, बेअरिंगे आणि सील बदलले होते. यंत्र पुन्हा पाण्यात सोडले आणि ते चालू लागले. नवे सील अगदी थोड्या पैशांत मिळाले होते. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजली, की असे कडे बेअरिंगच्या दुकानात बहुधा मिळते. मग पगार कोणाचा कापणार? पेटीला स्क्रू होते म्हणून हे जमले.

बॅगेतली काळी पेटी दुसऱ्या यंत्राची होती. तिला एकही स्क्रू नव्हता. दोन्ही भाग चिकटवून बंद केलेले होते. कंपनीने सांगितले, पेटी उघडत नाही, नवी घ्या. नव्या पेटीची किंमत यंत्राच्या निम्म्याहून जास्त होती. बंगल्याच्या मालकांनी हिशेब केला आणि नवे यंत्रच आणले. पट्टे, ब्रश, जाळी, सगळे चांगले असताना जुने यंत्र कचऱ्यात गेले.

संध्याकाळी आम्ही अब्बांच्या करवतीने ती पेटी कापली. अर्धा तास लागला. आत पाहिले तर मोटर आणि सर्किट यांच्याभोवती दगडासारखी कडक राळ ओतलेली होती. पाण्याचा थेंबही नव्हता. कुठेतरी आतली एखादी बारीक जोडणी तुटली असावी, पण तिच्यापर्यंत पोहोचायला वाटच नव्हती.

"म्हणजे ही पेटी वाईट बनवली आहे?" मी विचारले.

"वाईट कसे म्हणू? राळेमुळे पाणी आत शिरत नाही. स्क्रूच्या पेटीपेक्षा ही कदाचित जास्त वर्षे चालते. टिकणे वेगळे आणि दुरुस्त होणे वेगळे. मला विचारशील, तर मी दोन वर्षे कमी टिकणारी, पण उघडणारी पेटी घेईन."

आता बॅटरीवर चालणारी, वायर नसलेली यंत्रेही आली आहेत. वायरीचा पीळ गेला, पण बॅटरी काही वर्षांनी कमजोर होतेच. ती बदलता येते की यंत्रातच बंद केलेली आहे, हे मामू आधी पाहतात.

मग मामू मला परसातल्या विहिरीवर घेऊन गेले. आमचा पंप पाण्यात बुडलेला असतो. बारा वर्षांचा आहे. माणगावच्या कारागिराने त्याचे दोन वेळा वाइंडिंग केले आहे. अशा काही मोटरींत आत पाणीच भरलेले असते, हे ऐकून मला नवल वाटले. त्यांच्या तारांवर प्लॅस्टिकचे आवरण असते, म्हणून बिघडत नाही. पाण्याला बाहेर ठेवायचा हट्टच नाही! आणि वरून नुसते नट-बोल्ट.

सुट्टी संपल्यावर ही हकिकत मी वर्गात सांगितली. तेव्हा सरांनी आणखी माहिती दिली. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून मोबाइल, टीव्ही, धुलाई यंत्र अशा काही वस्तूंवर त्या दुरुस्तीला किती सोप्या आहेत, याचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे झाले. सुटे भाग मिळतात का, कितीला मिळतात, वस्तू सहज उघडते का, यांवर हे गुण ठरत. आपल्या देशातही २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, सरकारने 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. कंपन्यांनी दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती तिथे द्यावी, असा त्याचा हेतू आहे. फ्रान्सच्या पहिल्या यादीत तलाव साफ करणारे यंत्र नव्हते.

मामू परत गेले. जाताना मुंबईत बेअरिंगच्या दुकानातून त्यांनी वेगवेगळ्या मापांची डझनभर सील घेतली. कापलेली पेटी त्यांनी नेली नाही. समुद्राकडून वारा आला की पडवीचे दार आपटते, म्हणून नानीने ती दाराला लावून ठेवली आहे.