नवीन ब्रेक पॅड बसवल्यावर ब्रेक नीट लागत नाही? चला, कारण शोधूया



आजच्या पाठात आपण कारच्या ब्रेकविषयी माहिती घेणार आहोत. "पॅड नवीन टाकले, तरी पेडल खाली का जातंय?", "पॅड बदलल्यापासून चुईंचुईं आवाज येतोय, काय करू?" असे प्रश्न गाडी असलेल्या घरात कधी ना कधी येतातच. बरेच जण म्हणतात, "नवीन आहेत ना, होईल हळूहळू सेट." काही तक्रारी खरंच आपोआप जातात, पण काही तक्रारी घेऊन गाडी फाटकाबाहेरसुद्धा काढायची नसते. या दोन प्रकारांतला फरक ओळखता येणे हाच या पाठाचा मुख्य उद्देश आहे. आपल्याकडे घाटरस्ते खूप आहेत. तिथे उतारावर ब्रेक लागला नाही तर विचार करायला वेळ मिळत नाही.

ब्रेकचे मुख्य भाग

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. पॅड असतात ते डिस्क ब्रेकमध्ये. ड्रममध्ये जे असतं त्याला गॅरेजमध्ये 'लायनर' म्हणतात. आज आपण पुढच्या पॅडविषयी बोलू.

१) पेडल : आपण पायाने दाबतो ते.
२) मास्टर सिलिंडर : पेडल दाबल्यावर ब्रेक ऑईल पुढे ढकलणारा भाग.
३) पाईप व रबरी होज : ऑईल चाकापर्यंत नेणारी नळी.
४) कॅलिपर : डिस्कला चिमट्यासारखा धरणारा भाग. याच्या आत पिस्टन असतो.
५) पॅड : डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक. हेच डिस्कवर घासतात.
६) डिस्क : चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी.

यामागचे विज्ञान : पास्कलचा नियम

बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोहोचतो. हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) यांनी मांडला. ब्रेक याच नियमावर चालतो.

एक उदाहरण घेऊ. समजा मास्टर सिलिंडरच्या पिस्टनचे क्षेत्रफळ ३ चौ. सेमी आहे आणि कॅलिपरच्या पिस्टनचे २१ चौ. सेमी. २१ भागिले ३ म्हणजे ७. म्हणजेच बल ७ पट वाढले. पण निसर्ग फुकट काही देत नाही! बल ७ पट मिळालं, तर अंतर ७ पट कमी होतं. कॅलिपरचा पिस्टन १ मिमी पुढे जायला मास्टर सिलिंडरचा पिस्टन ७ मिमी सरकावा लागतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लगेच लागणार आहे.

पहिला नियम : गाडी हलवण्याआधी पेडल मारा

जुने पॅड झिजलेले असतात, म्हणून पिस्टन बराच बाहेर आलेला असतो. नवीन जाड पॅड बसवायला तो पिस्टन मागे ढकलावा लागतो. काम झाल्यावर पॅड आणि पिस्टन यांच्यात थोडी फट राहते. समजा ही फट २ मिमी आहे. मग मास्टर सिलिंडरचा पिस्टन १४ मिमी सरकायला हवा. पेडलची दांडी ४ पट लांब असेल, तर पाय ५६ मिमी म्हणजे जवळपास साडेपाच सेमी खाली जाईल. आणि हे झालं एकाच चाकाचं! दोन्ही चाकांची फट असेल तर पेडल थेट तळाला टेकेल. ब्रेक लागणारच नाही.

म्हणून पॅड बसवल्यावर गाडी जागेवरच ठेवून पेडल हळूहळू, अनेक वेळा दाबायचं. गाडी जुनी असेल तर पूर्ण तळापर्यंत न दाबता अर्धं-अर्धं दाबा. मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या भागात गंज किंवा घाण असेल तर आतलं रबर त्यावर घासून खराब होऊ शकतं. प्रत्येक दाबाला पिस्टन थोडा पुढे येतो आणि पेडल वर येऊन कडक होतं. मग ऑईलची पातळी पाहायची आणि त्यानंतरच गिअर टाकायचा. गॅरेजमधून गाडी घेताना हे काम आपणही करावं. मिस्त्रीने केलं असेलच, असं धरून चालू नये.

पेडल काय सांगतं?

पेडल म्हणजे ब्रेकची नाडी. इंजिन बंद ठेवून दाबून बघा.

अ) चार-पाचदा दाबल्यावर पेडल वर आलं आणि वरच राहिलं : फक्त फट भरून निघाली. काळजी नाही.

आ) भराभर दाबलं की वर येतं, पण थोडं थांबून दाबलं की पुन्हा खाली, स्पंजासारखं मऊ : पाईपमध्ये हवा असण्याची शक्यता जास्त. द्रव दाबला जात नाही, पण हवा दाबली जाते. आपला जोर हवेलाच दाबण्यात जातो. ब्रेकची हवा काढून घ्यावी लागते. मऊ नाही, पण नुसतंच खोल जातं, असं असेल तर मागच्या लायनरची सेटिंगही बघून घ्या.

इ) पाय दाबून धरला तरी पेडल हळूहळू खाली सरकतं : कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं आतलं रबर गेलं आहे. गाडी चालवू नका.

ई) पेडल दगडासारखं कडक, पण गाडी थांबत नाही : बूस्टर तपासा. इंजिन बंद असताना चार-पाचदा पेडल दाबा, शेवटी दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक आहे. नाही गेलं तर बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूम पाईप दाखवून घ्या. बूस्टर ठीक असून पकड कमी असेल, तर पॅडवर तेल-ग्रीस लागलं आहे का ते बघा.

आवाज काय सांगतो?

नवीन पॅडचा हलका घासण्याचा आवाज पहिल्या काही दिवसांत येऊ शकतो. नवीन पॅड सपाट असतो, जुन्या डिस्कवर मात्र चरे पडलेले असतात. दोघांची जुळणी व्हायला थोडा वेळ लागतो.

ब्रेक मारताना बारीक चुईं आवाज येत राहिला, तर पॅडच्या मागची पातळ पत्री बसवायची राहिली आहे का, पॅड टेकतात त्या जागेवरचा गंज साफ केला आहे का, हे तपासा. काही पॅडना झीज कळवणारी छोटी पट्टी असते. आतला आणि बाहेरचा पॅड अदलाबदल झाला, तर ही पट्टी भलत्या जागी येऊन वाजू शकते.

लोखंडावर लोखंड घासल्यासारखा खरखर आवाज आला, तर मात्र लगेच थांबा. पॅड उलटा बसला असेल, क्लिप सुटली असेल किंवा मध्ये खडा अडकला असेल. खट-खट आवाज आला तर कॅलिपरचे बोल्ट आणि चाकाचे नट आधी बघा.

गाडी एका बाजूला ओढते

इथे नेहमी गोंधळ होतो. ब्रेक मारल्यावर गाडी डावीकडे गेली, म्हणजे डाव्या ब्रेकमध्ये दोष, असं वाटतं. पण बऱ्याचदा डावा ब्रेक चांगला असतो आणि उजवा कमी लागत असतो! बैलगाडीचा एक बैल थबकला आणि दुसरा चालत राहिला तर गाडी थबकलेल्या बैलाकडेच वळते ना, तसंच हे.

• फक्त ब्रेक मारल्यावर ओढते : विरुद्ध बाजूचा पॅड तेलकट झाला असेल, कॅलिपरच्या पिना अडकल्या असतील किंवा तिथल्या पाईपमध्ये हवा असेल.
• ब्रेक न मारताही ओढते : त्याच बाजूचा ब्रेक सुटत नसेल. अर्थात चाकातली हवा कमी असेल तरी असंच होतं, म्हणून आधी हवा तपासा.

चाक तापतं, वास येतो

नवीन पॅडना पहिल्या काही किलोमीटरमध्ये थोडा जळका वास येऊ शकतो. पण एकाच चाकातून वास किंवा धूर येत असेल, तर ब्रेक पकडून राहतोय असं समजा. सपाट रस्त्यावर ५–१० किमी गाडी चालवून थांबा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या. हात लावू नका, पोळेल. डाव्या आणि उजव्या चाकाची तुलना करा. एक बाजू फारच गरम वाटली तर कॅलिपरच्या पिना सुकल्या आहेत, पॅड खाचेत घट्ट बसला आहे, पिस्टन अडकला आहे किंवा रबरी होज आतून फुगून बंद झाली आहे. पॅड बदलताना कॅलिपर होजवर लटकत ठेवला, तर होज आतून खराब होऊ शकते. कॅलिपर नेहमी तारेने बांधून वर अडकवायचा असतो.

ब्रेक तापण्याचा धोका घाटात वाढतो. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ३ प्रकारच्या नव्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्या ऑईलसाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑईल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल एकदम खाली! म्हणून उतारावर सारखा ब्रेक दाबून न ठेवता गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी.

पेडल किंवा स्टिअरिंग थरथरतं

डिस्क सगळीकडे सारख्या जाडीची नसेल किंवा तिच्या मागे गंज राहून ती तिरकी बसली असेल, तर ब्रेक मारताना थरथर जाणवते. जुनी डिस्क खराब असताना नुसते पॅड बदलून ही तक्रार जात नाही. एबीएस असलेल्या गाडीत एकदम जोरात ब्रेक मारल्यावर पेडल थडथडतं, तो मात्र दोष नाही.

पॅड सेट कसे करायचे?

मोकळा, सुरक्षित रस्ता निवडा. ताशी ५०–६० किमी वेगावरून मध्यम जोराने ब्रेक दाबत वेग १०–१५ पर्यंत आणा. पूर्ण थांबू नका. थोडं अंतर चालवा म्हणजे डिस्क थंड होईल. असं साधारण १० वेळा करा. पॅडच्या कंपनीने वेगळी पद्धत सांगितली असेल तर तीच वापरा. शेवटी ब्रेक न वापरता काही वेळ चालवून डिस्क थंड होऊ द्या. पहिले काही दिवस गरज नसताना करकचून ब्रेक मारणे टाळा.

लक्षात ठेवा

१) पिस्टन मागे ढकलल्यावर ऑईल टाकीत परत येतं. आधी कुणी वरून भरलेलं असेल तर ते बाहेर सांडतं आणि गाडीचा रंग खातं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.
२) टाकीवर लिहिलेल्या प्रकाराचंच ब्रेक ऑईल घाला. इंजिन ऑईल घातलं तर रबर फुगून सगळा ब्रेक निकामी होतो.
३) पॅड जोडीने बदला. एकाच चाकाचा पॅड बदलू नका.
४) पिनांना ब्रेकसाठी असलेलं ग्रीसच लावा. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला ग्रीसचा थेंबही नको.
५) गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात-पाय घालू नका. पक्का स्टँड लावा.

वर्गात करून पाहूया

सुई नसलेल्या दोन सिरिंज घ्या, एक २ मिलीची आणि एक १० मिलीची. सलाईनच्या नळीने जोडा आणि आत पाणी भरा. लहान सिरिंज दाबली की मोठी थोडीशीच सरकते, पण ती बोटाने अडवणं जड जातं. आता नळीत हवेचा मोठा बुडबुडा येऊ द्या आणि पुन्हा दाबा. मोठी सिरिंज अडवून धरली तरी लहान सिरिंज आत जाते, मऊ लागते. 'ब्रेकमध्ये हवा' म्हणजे काय, ते मुलांना पुन्हा सांगावं लागत नाही.

थोडं गणित

ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला ७ मीटर प्रति सेकंद इतका कमी होत असेल, तर ताशी ३० किमी वेगाची गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे ५ मीटरमध्ये थांबते आणि ६० किमी वेगाची सुमारे २० मीटरमध्ये. वेग दुप्पट, अंतर चौपट! शिवाय ६० च्या वेगात, ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी जवळपास १७ मीटर पुढे गेलेली असते. पहिल्या दाबाला ब्रेक लागलाच नाही आणि दुसऱ्यांदा पाय मारावा लागला, तर आणखी किती मीटर जातील याचा हिशोब मुलांकडून करून घ्या.

थोडक्यात

हलका आवाज, थोडा वास, पहिल्या काही किलोमीटरमध्ये किंचित कमी पकड : लक्ष ठेवा, बहुतेक वेळा आपोआप जातं. मऊ किंवा खाली सरकणारं पेडल, ऑईलची गळती, लोखंडी खरखर, एकाच चाकाचा धूर, गाडी जोरात एका बाजूला ओढणे : गाडी जागेवर थांबवा आणि जाणकार मिस्त्रीला तिथेच बोलवा. "गॅरेज जवळच आहे, हळूहळू नेतो" असं म्हणू नका. त्या जवळच्या रस्त्यावरही शाळा सुटलेली असते, मुलं रस्ता ओलांडत असतात.

स्वाध्याय

१) पॅड बदलल्यावर पहिल्यांदा पेडल तळाला का जाते? कारण लिहा.
२) ब्रेक मारल्यावर गाडी उजवीकडे ओढते. कोणत्या चाकाचा ब्रेक आधी तपासाल?
३) घाट उतरताना खालचा गिअर का वापरतात?

पाठ आवडला तर घरात जो गाडी चालवतो त्याला नक्की वाचून दाखवा.