आभाळ आणि आकाश

'समानार्थी शब्द लिहा' या प्रश्नाला आपण शाळेपासून आकाश, आभाळ, नभ, अंबर, अस्मान असे उत्तर लिहून गुण मिळवीत आलो. मला मात्र हे एका माळेचे मणी वाटत नाहीत.

'आभाळ' हा शब्द संस्कृत 'अभ्र', प्राकृत 'अब्भ' यांवरून आला. अभ्र म्हणजे ढग. 'नभस्' याचाही जुना अर्थ धुके, ढग असाच. लॅटिन 'नेब्युला' त्याचा भाऊबंद. इंग्रजी 'स्काय' हा शब्दही मुळात नॉर्स भाषेतला ढगच! मात्र इंग्रजांना त्या ढगाची आठवण उरली नाही. मराठीने ती जपली. 'आभाळ आलंय' असे आपण म्हणतो, 'आकाश आलंय' असे कोणी म्हणत नाही.

याच दोन शब्दांच्या वाक्याचा अर्थ गावागणिक बदलतो. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांत आभाळ आले की माणसे आशेने वर पाहतात. मी तासगावकडचा. द्राक्षबाग फुलोऱ्यात असताना आमच्याकडे हेच वाक्य दबक्या आवाजात बोलतात. दमट हवेत दावण्या पडतो, घड कुजतात, आणि रात्री-अपरात्री फवारणीचे पंप सुरू होतात. पुढे बेदाणा शेडवर वाळत असला तरी तीच धास्ती. कोशात हा फरक कसा सापडावा?

'आकाश' या शब्दात 'काश्', म्हणजे प्रकाशणे, हा धातू आहे. दर्शनकारांनी त्याला पंचमहाभूतांत बसविले व 'शब्द' हा त्याचा गुण मानला. म्हणूनच 'आकाशवाणी' हे नाव शोभते. सांगली केंद्राला 'आभाळवाणी' म्हणून पाहा, हसू येईल!

'अस्मान' फारसीतून आले. अवेस्तेतील 'अस्मन्' म्हणजे दगड आणि आकाशही. आपला 'अश्म' त्याचा सख्खा. प्राचीन इराणी लोकांना आकाश दगडी वाटे. आमच्या तालमींत हा शब्द चांगलाच रुजला आहे. 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव गोळेश्वरचे, हिंदकेसरी मारुती माने कवठेपिरानचे; या मुलखात 'अस्मान दाखविणे' म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. पाठ मातीला टेकली की डोळ्यांपुढे दुसरे उरते काय?

'अस्मानी-सुलतानी' या जोडशब्दात वरून येणारे संकट आणि राज्यकर्त्याकडून येणारे संकट अशी वाटणी आहे. 1972 च्या दुष्काळाला आमचे आजोबा अस्मानी म्हणत. माल तयार झाला की भाव पाडणाऱ्या दलालाला मात्र ते बिनदिक्कत सुलतानीत घालीत.