टॅक्स क्रेडिट की बिनव्याजी कर्ज? आधी अटी वाचा

व्हिडिओतलं उदाहरण इथे आकड्यांत बघू.

2008 च्या मंदीत अमेरिकेने पहिलं घर घेणाऱ्यांना 7,500 डॉलरपर्यंत टॅक्स क्रेडिट दिलं. क्रेडिट म्हणजे उत्पन्नातून नाही, तर भरायच्या टॅक्समधूनच थेट वजावट. लोक खूश! पण अट होती: ही रक्कम 15 वर्षांत परत करायची, म्हणजे वर्षाला 500 डॉलर. थोडक्यात, बिनव्याजी कर्ज. 2009 मध्ये रक्कम 8,000 झाली आणि त्या घरात 3 वर्षं राहिलं की परतफेड माफ. नाव तेच, हिशोब वेगळा.

सरकारला किती पडलं? जुलै 2010 पर्यंत सुमारे 23.5 अब्ज डॉलरचे दावे आले. जे तसंही घर घेणारच होते, त्यांनाही पैसे मिळाले. भाड्याने राहणाऱ्याच्या हातात मात्र काहीच नाही.

धंद्यासाठी सबसिडी घेताना वहीत तीन प्रश्न लिहा:

1. पैसे परत करायचे का? असतील तर हप्ता आजच खर्चात धरा.
2. अट किती वर्षं पाळायची?
3. सबसिडी नसती तरी हे मशीन घेतलं असतं का?

तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं, तर थांबा आणि हिशोब पुन्हा मांडा.