फुलं बघायला पुण्याला निघालात तर

पोरींनो, निमोण्याहून एम्प्रेस गार्डनच्या फुलांच्या प्रदर्शनाला निघायचं म्हणता, तर आधी रस्ता ठरवा. शिरूरमार्गे गेलात की निम्मी सकाळ वाघोलीच्या गर्दीतच जाते. बाग आहे सोलापूर रस्त्याच्या अंगाला, रेसकोर्सजवळ. तेव्हा न्हावऱ्याहून चौफुला गाठा आणि हडपसरकडं जाणारी गाडी धरा. पहाटे उठायची तयारी असेल तर केडगावातून रेल्वेनं जा. परतताना मात्र दिवस मावळायच्या आत घराकडं वळा. प्रदर्शन भरतं २६ जानेवारीच्या सुमारास, म्हणजे ऐन गळीत हंगामात. मागं दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अंधारात अंगावर येईपर्यंत दिसत नाहीत.

ही बाग चालवते ती ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी, १८३० सालची. इतक्या जुन्या संस्थेचं प्रदर्शन म्हणजे नुसती सेल्फीची जागा नव्हे. बघायचं असेल तर सुरुवातीच्या दिवसांत सकाळीच जा, फुलं टवटवीत असतात आणि गर्दीही कमी. विकत घ्यायचं असेल तर शेवटच्या दिवशी जा. उरलेल्या कुंड्या परत गाडीत चढवण्यापेक्षा नर्सरीवाले दोन पैसे कमी करतात.

आत गेल्यावर फोटो काढालच. पण आधी नावाच्या पाटीचा काढा, मग फुलाचा. घरी आल्यावर ‘ते जांभळं कोणतं गं?’ म्हणत बसायला नको. इकेबानाच्या मांडणीपाशी जरा जास्त वेळ थांबा. एक वाकडी फांदी, दोन-तीन फुलं आणि बाकी मोकळी जागा, एवढ्यावर ती जपानी कला उभी असते. आपण हार-तुऱ्यांची माणसं, भरगच्च म्हणजेच सुंदर असं धरून चालतो. इकेबानाला लागणारी महागडी भांडी घेऊ नका. ज्वारीचं एक कणीस, बांधावरची वाळकी काडी आणि घरातली पितळी वाटी पुरते. बरोबर पोरं असतील तर त्यांच्या हातात मोबाईल नको, वही आणि रंगखडू द्या. एखाद्या झाडाखाली अर्धा तास बसवा, काढू दे काय काढायचं ते.

आता खरेदीचं. पिटुनिया, पॅन्सी बहरलेल्या दिसल्या की हात पुढं जातोच. पण ही हिवाळी फुलं. आपल्याकडचं ऊन तापलं की त्यांचा खेळ खलास. फुलांनी लगडलेली कुंडी घेण्यापेक्षा कळ्यांची घ्या. गुलाब घेताना डोळा कुठं बांधलाय ते बघून घ्या, कारण त्याच्या खालून येणारा फुटवा जंगली असतो, तो काढावाच लागतो. आणि विचारायचं ते गल्ल्यावरच्या माणसाला नाही, पाणी घालणाऱ्या माळीबुवांना विचारा. ते खरं सांगतात.

नर्सरीत लॅव्हेंडरही दिसेल, आणि हल्ली रीलमध्ये त्याची जांभळी शेतं बघून सगळ्यांनाच ते हवं असतं. जम्मूतल्या भदरवाहला त्याचे महोत्सव भरतात, पण ती थंड डोंगराळ जागा. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचलं की लॅव्हेंडर मुळातून कुजतं. हौसच असेल तर दातेरी पानांची जात बघा, ती उष्णता जरा जास्त सोसते. माती निम्मी, बाकी वाळू-मुरूम. कुंडीला मोठं भोक हवं आणि पावसात ती पडवीत. शेतभर लावायच्या गोष्टी कुणी सांगितल्या तर ऐकून घ्या आणि पुढं चला.

हस्तकलेसाठी मात्र डिसेंबरमधली भीमथडी जत्रा मला अधिक पटते. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची ही जत्रा पुण्यात भरते. मराठ्यांच्या फौजेत नावाजलेली भीमथडी तट्टं आपल्याच भीमाकाठची, म्हणून नावाचाही अभिमान आहेच. तिथं बचतगटाच्या बायांशी घासाघीस करू नका. त्या गोधडीला किती दुपारी गेल्यात हे आपल्याला ठाऊक असतं. पण पारख करा. गोधडी उलटी करून टाके बघा, रंगीत कापडावर ओला रुमाल घासून बघा, मातीचं भांडं बोटानं वाजवा. तडा असेल तर आवाज बद्द येतो.

रोप घरी आणलंत की लगेच जमिनीत लावू नका. आठवडाभर निंबाखाली सावलीत ठेवा, पाणी बेताचं द्या, खत अजिबात नको. नवं पान फुटलं की मगच जागा बदला, तीही संध्याकाळी.