मोतीबिंदूनंतर उरणारा सिलिंडर नंबर

मोतीबिंदू काढून भिंग बसवले की चष्मा सुटला, असे वस्तीत पुष्कळजण धरून चालतात. मग महिन्याभराने बसची पाटी पसरट दिसली की ‘ऑपरेशन बिघडले’ म्हणून घरात काळजी सुरू होते. पुष्कळदा बिघडलेले काही नसते, सिलिंडर नंबर उरलेला असतो.

डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, चेंडूसारखा गोल नसून अंड्यासारखा एका दिशेने जास्त वाकलेला असला की हा नंबर येतो. साधे भिंग तो घालवत नाही. किती उरेल, याचा अंदाज आधी काढता येतो. पण जुन्या चष्म्यावरून नव्हे. त्या नंबरात मोतीबिंदू झालेल्या भिंगाचाही वाटा असतो, आणि ते तर निघून जाणार.

म्हणून कॉर्नियाचा वाक मशीनवर मोजतात. समजा, आकडे 43 आणि 44.5 आले, फरक 1.5. आता चिरेचा हिशेब. चीर ज्या दिशेला, तिकडचा वाक थोडा सपाट होतो. बिनटाक्याच्या साध्या ऑपरेशनात चीर साधारण 6 मिलिमीटर, फेकोत 3 हूनही कमी, म्हणून फेकोत फरकही कमी. वरून घेतलेल्या मोठ्या चिरेने समजा 1 नंबर सपाट झाला. उभा वाक जास्त असेल तर अर्धाच नंबर उरतो, त्याने सहसा अडत नाही. पण आडवा वाक जास्त असेल तर 1.5 चे अडीच होतात! म्हातारपणी आडवाच वाक वाढत जातो, म्हणून काही डॉक्टर कानाच्या बाजूने चीर घेतात.

डोळा कोरडा असेल किंवा बुबुळावर मांस वाढले असेल तर मोजणीच चुकते. आधी त्यावर इलाज करून घ्यावा.

टोरिक भिंग हा वाक भरून काढते, पण ते महाग असते आणि नेमक्या कोनात बसावे लागते. 10 अंश फिरले तर सुमारे एक तृतीयांश फायदा जातो, 30 अंश फिरले तर सगळाच. तेव्हा ‘माझ्या कॉर्नियाचा सिलिंडर किती, साध्या भिंगाने किती उरेल?’ हे आधी विचारा. उत्तर 1 च्या आत असेल तर त्यासाठी कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चष्म्याने ते काम भागते.

चष्म्याचा पक्का नंबर चीर भरल्यावर, साधारण सहा आठवड्यांनी काढावा. मात्र डोळा दुखला, लाल झाला किंवा एकाएकी कमी दिसू लागले तर तो सिलिंडर नव्हे. त्याच दिवशी दवाखाना गाठा.